दोन गोळ्यांचा तुलनातक्ता

शेवटी क्लोपिडोग्रेल जिंकली. पण हे आपल्याला माहीत नाही असंच धरून चालू. कारण आत्ता बायको दोन्ही पाकिटं नाचवत हेडक्लार्कांसमोर उभी होती.

"अहो, सोमवारपासून एक गोळी हललेली नाही! आज शुक्रवार!"

"प्रकरण विचाराधीन आहे."

निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं हेडक्लार्कांनी खरेदी विभागात तुलनातक्ते केले. तक्ता मंजूर होईपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यापायी एकदा नमुन्यादाखल आलेले नवेकोरे पंखे छताला नुसतेच लटकत राहिले आणि त्यांच्याखाली अख्ख्या कार्यालयानं दोन उन्हाळे घाम पुसला.

हेडक्लार्कांच्या मेंदूला छोटा झटका येऊन गेल्यावर, पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकवीस दिवस दिल्या. "पुढे एकच. दोन्ही चालू ठेवल्या तर रक्तस्रावाची भीती. कुठली, ते फोन करून विचारा."

तुलना करायची, आणि तीही दुसऱ्याला विचारून? एकवीस दिवस संपताच हेडक्लार्कांनी पट्टी घेऊन रकाने आखले: परिणाम, रक्तस्राव, पोटाची जळजळ, रंग, उच्चारायला सोपी.

"आणि तोवर?" बायकोनं विचारलं.

"तोवर दोघींना समान वागणूक."

ती हसली नाही. तिनं सरळ डॉक्टरांना फोन लावला.

"दोन्ही चांगल्या आहेत हो," डॉक्टर म्हणाले, "पण ॲस्पिरिननं यांचं पोट जळजळतं ना? मग क्लोपिडोग्रेल. आत्ता द्या. मी फोन धरून थांबतो."

"माझाही निष्कर्ष तोच होता," हेडक्लार्क पडेल आवाजात म्हणाले.

बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. "झटका आला त्या दिवशी तासभर तुम्ही मला ओळखलं नाहीत. 'मॅडम, रांगेत या,' म्हणालात."

"मग?"

"मग काय! राहिले उभी रांगेत. एकटीच होते, तरी."

हे हेडक्लार्कांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी गोळी गिळली. मग ती आत गेल्यावर तक्ता उलटा करून कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं:

"मा. संबंधित अधिकारी यांस,

विनंती की, दुसरा झटका देणे अटळच असल्यास अर्जदाराचे हात, पाय, वाचा यांपैकी सोयीचे ते जमा करून घ्यावे. मात्र समोरची बाई कोण, एवढी माहिती त्याच्याकडे कायम ठेवावी. सदर बाईंचे गुडघे दुखतात. सबब त्यांना पुन्हा रांगेत उभे करू नये."