दोऱ्याने मोजलेली वाट

असं समजा, की तुमचं घर समुद्राच्या इतकं जवळ आहे की खिडकीत बसल्या बसल्या होड्या मोजता येतात. खाली वाळूवर बांबूंचे मांडव आहेत आणि त्यांवर बोंबील वाळत टांगलेले आहेत. वास येतोय? येऊ दे. रोजचा झाला की तो वास वाटत नाही, घर वाटतं.

आता सांगा बरं, अशा घरातून संध्याकाळी सूर्य कुठे जाताना दिसेल? पाण्यात. बरोबर. आणि सकाळी कुठून येताना दिसेल? पुन्हा पाण्यातून म्हणाल, तर जरा थांबा. आपला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य हवा असेल तर समुद्राकडे पाठ करायची आणि अंधेरीच्या इमारतींकडे बघायचं. त्यांच्या मागून तो येतो, आणि येतो तोवर चांगला तापलेला असतो.

वर्सोव्याला, म्हणजे तिथल्या माणसांच्या वेसाव्याला, अशाच एका घरात मंजुळा नावाची दहा वर्षांची मुलगी राहत होती. साल होतं एकोणीसशे पंच्याऐंशी. तिचे बाबा रामनाथ होडीचे मालक होते. आई प्रेमा मासळी बाजारात बसायची. आणि आजी सखुबाई आता बाजारात जात नव्हती, पण घरात बसून सगळ्या बाजाराची खबर ठेवायची.

या सखुबाईची एकच इच्छा होती.

"सगला जलम तो बुडताना बगला," ती म्हणायची. "येकदा पाण्यातून वर येताना बगाचा हाय मना."

रामनाथची होडी किनारा दिसेल एवढ्याच अंतरावर जाळी लावायची. तिथूनही सूर्य उगवायचा तो जमिनीवरूनच. समुद्रातून उगवणारा सूर्य बघायचा तर देशाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर जायला हवं होतं. रामनाथ दरवर्षी म्हणायचा, "आये, पुढच्या साली नक्की." दोन वेळा तर बेत ठरून मोडला होता. एकदा इंजिन बिघडलं, एकदा लग्न निघालं. इकडे सखुबाईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि दुसऱ्यात उतरू लागला होता.

"अर्धा सूर्य दिसला तरी चालंल," ती हसून म्हणायची. पण मंजुळाला ते हसू आवडायचं नाही.

त्या वर्षी रामनाथने अंधेरीच्या एका डॉक्टरांची जुनी अँबेसेडर गाडी घेतली. गाडी पांढरी होती, पण डावीकडची दोन दारं कधीतरी बदललेली, म्हणून पिवळट दिसायची. सखुबाईने तिच्यापुढे नारळ फोडला आणि विचारलं, "हिचं नाव काय?"

"आये, गाडीला नाव नसतं. नंबर असतो."

"नंबर कैद्याला पन असतो. पाण्यातल्या होरीला नाव हाय, मग हिला का नाय?"

शेवटी मंजुळाचा काका अनंता याने होडीच्याच रंगाने मागच्या बाजूला 'जानकी' असं लिहिलं. आणि मग जानकीतून देशाच्या पलीकडे जायचं ठरलं. रामनाथने जागाही निवडली. जगन्नाथपुरी! देवाचं दर्शन आणि समुद्रातला सूर्य, दोन्ही एकाच फेरीत.

कधी जायचं, हे मात्र समुद्र ठरवणार होता. ते कसं, ते समजून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीला मोठा जोर असतो. त्याला उधाण म्हणतात. तेव्हा पाण्याच्या ओढीने मासळी जाळ्यात शिरते. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं. तो भांग. तेव्हा जाळी रिकामी येतात आणि होड्या विश्रांती घेतात. चैत्रात रामनाथची होडी नव्या फळ्या बसवायला वाळूवर ओढायची होती. म्हणजे एक उधाण तसंही बुडणार होतं. एका अष्टमीला निघायचं आणि पुढच्या अष्टमीच्या आत परत यायचं, असं त्याने ठरवलं. होडीवरच्या खलाशांना तसा शब्दही दिला. मालक वेळेवर आला नाही तर होडी पाण्यात उतरणार नाही आणि खलाशांच्या चुली थंड राहतील, हे त्याला माहीत होतं.

पेट्रोल पंपावरच्या माणसाने त्याला भारताचा मोठा नकाशा दिला होता. तो भिंतीवर लागला. रामनाथने मुंबईवर एक खिळा ठोकला, पुरीवर दुसरा, आणि मध्ये जाळं विणायचा निळा दोरा ताणून बांधला. नकाशाखाली किलोमीटरची पट्टी छापलेली होती. जुन्या गाडीने दिवसाला अडीचशे किलोमीटर जायचं, असं धरून त्याने दोऱ्यावर तेवढ्या तेवढ्या अंतराने गाठी मारल्या.

"सहा गाठींच्या आत पुरी!" तो म्हणाला. "सहा दिवस जायला, सहा यायला. मध्ये दोन-तीन दिवस आरामात."

"झकास!" मंजुळा ओरडली.

सखुबाई नकाशाजवळ गेली आणि निळ्या दोऱ्यावरून बोट फिरवत पार दुसऱ्या टोकाला पोचली. "इतकाच?" ती म्हणाली. "मग इतकी वरसं का थांबवलास रे मना?"

निघायच्या आधी गाडी नीट चालते का ते बघायला हवं होतं. रामनाथ म्हणाला, "सुलक्षणाकडे जाऊ. हे काय समोर मढ. जाऊ आणि चहा पिऊन येऊ."

सुलक्षणा म्हणजे मंजुळाची आत्या. ती खाडीच्या पलीकडे मढला राहायची. वेसाव्याच्या धक्क्यावरून तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसलं की शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत मढ येतं. रामनाथ जन्मभर तसाच गेला होता. सुलक्षणाला निरोप होता, म्हणून ती पलीकडच्या किनाऱ्यावर येऊन उभीच होती. सगळे जानकीत बसले. तिने तिकडून हात हलवला, यांनी इकडून हलवला, आणि ती चहा टाकायला घरी गेली.

जानकी निघाली. पण गाडीला खाडी थोडीच ओलांडता येते? आधी अंधेरीला जायचं. तिथून गोरेगाव. मग मालाड. मालाडला फाटक लागल्यासारखी गर्दी. मग मार्वे, आणि तिथून खाली परत समुद्राच्या कडेकडेने मढ.

"आलं का?" सखुबाईने गोरेगावला विचारलं.

"येतंच आहे."

"आलं का?" तिने मालाडला विचारलं.

"आये, गाडी चालवू दे ना!"

मढला पोचेपर्यंत प्रेमाला भूक लागली होती आणि जानकीच्या नाकातून वाफ येत होती. सुलक्षणा दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"तीनदा चहा टाकला, तीनदा आटला," ती म्हणाली. "दादा, पोहत आला असतास तर लवकर आला असतास रे!"

रामनाथही पोट धरून हसला. "पहिल्यांदाच आलो गं गाडीने. मला काय माहीत मढ इतकं लांब आहे!"

सगळे हसत होते. मंजुळा मात्र ओट्यावरून खाडीपलीकडे बघत होती. समोर तिचं घर दिसत होतं. आईने दोरीवर टाकलेली हिरवी साडीसुद्धा दिसत होती. घर जवळ होतं आणि घर लांब होतं. होडीला जवळ, गाडीला लांब.

हा विचार तिच्या डोक्यात आला आणि तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर घरात कोणी नव्हतं. मंजुळा स्टुलावर चढली. निळा दोरा मुंबईहून निघून सरळ जात होता. डोंगरांवरून, नद्यांवरून, जिथे एकही गाव छापलेलं नव्हतं अशा जागांवरून. आणि नकाशावरचा लाल रस्ता? तो नाशिककडे वर चढत होता, धुळ्याला वळत होता, नागपूर, रायपूर करत पुढे वेडीवाकडी वळणं घेत होता. तिने पुरीच्या खिळ्यावरून दोरा सोडवला आणि एकेका वळणावर बोट दाबत तो लाल रेषेवर बसवत नेला.

सहावी गाठ आली तेव्हा पुरी कुठेच नव्हती. दोऱ्याच्या उरलेल्या टोकाला तिने आणखी गाठी मारल्या. आठवी गाठ लागली तेव्हा कुठे पुरी आली. आठ जायला, आठ यायला. अष्टमी ते अष्टमी पंधराच दिवस. एक दिवस राहणं तर सोडाच, परत यायलाच दिवस पुरत नव्हते.

तुमच्याकडे नकाशा असेल तर तुम्हीही करून बघा. आधी दोरा ताणून, मग रस्त्यावरून.

मंजुळाने दोरा होता तसा परत बांधला. सांगायचं तर बाबा बेत मोडणार. नाही सांगायचं, तर सगळे आनंदाने निघतील आणि अर्ध्या वाटेत कळेल. मग बाबा खलाशांसाठी तिथूनच मागे फिरतील.

संध्याकाळी तिने आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, समज, पुरी जरा लांब निघाली तर?"

"लांब म्हणजे?" प्रेमा कोळंबी सोलत होती. "दिवस पुरले नाहीत तर तुझे बाबा जायचे नाहीत. शब्द दिलाय त्यांनी. मग काय, पुढच्या साली."

पलीकडे सखुबाई एका पिशवीत सुकट भरत होती. दुसऱ्या पिशवीत लसणाची चटणी. "तिकडच्या लोकांचा जेवण कसा असंल, कोनाला ठाव," ती पुटपुटत होती. पिशवीचं तोंड बांधताना तिला सुतळीचं टोक सापडेना. तिने ते चाचपून शोधलं.

मंजुळा रात्री नीट जेवली नाही.

रविवारी अनंताकाका आणि होडीवरचा सगळ्यात जुना खलाशी गुणाजी असे दोघे बेत ऐकायला आले. रामनाथने वल्ह्याच्या तुटक्या दांड्याने नकाशा दाखवायला सुरुवात केली.

"ही मुंबई. ही पहिली गाठ. ही दुसरी..."

"बाबा," मंजुळा म्हणाली.

"थांब गं. ही तिसरी..."

"बाबा, ही वाट होडीची आहे."

रामनाथ थांबला. "म्हणजे?"

"गाडीची नाही. गाडी अशी सरळ जाणार नाही. मढला गेलो तशी जाणार." तिने भिंतीवरच्या दोऱ्याकडे बोट केलं. "मी मोजलं. आठ गाठी लागतात."

मग रामनाथने स्वतःच दोरा सोडवला आणि तिच्या हातात दिला. "दाखव."

मंजुळाने दाखवलं. नाशिक, धुळे, नागपूर. सहावी गाठ संपली तसा अनंताकाका मांडीवर थाप मारून म्हणाला, "दादा, परत मढ झालं रे!"

पण रामनाथ हसला नाही. त्याने दांडा खाली ठेवला आणि तो आईसमोर जाऊन बसला. "आये, आपली वाट लागली. मी सरळच धरत गेलो. समुद्रात कोण वळणं मोजतो? पुढच्या साली..."

"परत पुढची साल!" सखुबाईने त्याला मध्येच तोडलं. "रामा, पुरी कोन बोलला? तू बोललास. मी देवाला इथूनच हात जोडते, त्याला ऐकू येतो. मना सूर्य बगाचा हाय. तो काय येका पुरीलाच उगवतो?"

गुणाजी पुढे सरकला. तो म्हणाला, "मालक, आजी बोलते ते खरं हाय. किनारा तर वरपासून खालपर्यंत हाय."

रामनाथने नकाशाकडे पाहिलं. पूर्वेचा निळा रंग कितीतरी लांबवर पसरलेला होता. "हाय खरा," तो हळूच म्हणाला. "पण मग कुठे?"

सगळे नकाशाकडे बघत बसले. मंजुळाने कोणाला विचारलं नाही. ती परत स्टुलावर चढली. मुंबईचा खिळा तिने तसाच ठेवला आणि दोरा दुसऱ्या लाल रेषेवर बसवायला घेतला. पुणे. सोलापूर. प्रत्येक वळणावर बोट, प्रत्येक वळणाला थोडा जास्त दोरा. हैदराबाद.

"पुढे विजयवाडा," अनंताकाका तिच्या खांद्यावरून वाकून वाचत होता. "हळू, हळू गं."

चौथी गाठ गेली. पाचवी गाठ यायच्या आधीच मंजुळाचं बोट जमिनीवरून घसरून निळ्या रंगावर आलं. तिने तिथल्या काठावरचं नाव वाचलं.

"मच्छलीपट्टणम."

"नावातच मासली!" सखुबाई म्हणाली. "मग सुकट नेऊन काय करू, मेले?"

प्रेमा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रामनाथने दोरा पुन्हा एकदा स्वतः बसवून पाहिला, मग तिसऱ्यांदा. मग त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "तांडेल, बोला. अष्टमीला निघायचं?" तांडेल म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. वेसाव्यात आजवर कोणा मुलीला कोणी असं म्हटलं नव्हतं.

मंजुळाने लगेच हो म्हटलं नाही. तिने मच्छलीपट्टणमवर बोट घट्ट दाबून धरलं, दोऱ्याचं मोकळं टोक उलटं फिरवलं, आणि वळणावळणाने परतीची वाट मोजायला लागली.