पहिली पोळी गाईची

१९७६ साल. होळी होऊन आठवडाच झाला होता. नागपुरात पाचपावलीच्या यमुताई एका बारशाच्या जेवणासाठी माठावरच्या लांब पोळ्या करायला बसल्या होत्या. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि पेटत्या चुलीवर उपड्या घातलेल्या माठावर अलगद टाकायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांची पोळी माठावरून घसरलेली कोणी पाहिली नव्हती. त्या दिवशी घसरली, आणि ती सावरायला गेलेलं मनगट माठाला चांगलंच भाजलं.

डाव्या डोळ्यापुढे एकाएकी अंधार झाला होता. दुखलं नाही, खुपलं नाही. उजवा झाकला तर समोरची चूलसुद्धा दिसेना.

"धूर गेला असंन वं," शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या. पाण्याचे हबके मारले, गुलाबपाणी घातलं. चुलीपाशी जन्म काढलेल्या बायका, डोळ्याला काही झालं की धुरावर ढकलून मोकळ्या. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी यमुताईंचे यजमान धोंडबा त्यांना रिक्षात घालून मेयो इस्पितळात घेऊन गेले.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ डोळ्यात पाहिलं. "डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त नेणारी बारीक नस असते. तिच्यात गुठळी अडकली आहे. त्याच दिवशी, तासा-दोन तासांत आला असतात तर काही प्रयत्न करता आला असता. आता ही नजर परत येणार नाही."

यमुताईंनी विचारलं, "अन् दुसरा डोळा?"

"तो तुमच्या हातात आहे. ब्लडप्रेशर फार वाढलंय. गोळी रोज घ्यायची, मीठ कमी, आणि ते तंबाखूचं गुडाखू दाताला लावणं बंद."

घरी येताच यमुताईंनी गुडाखूची डबी मोरीत रिकामी केली. अळणी भाजी न कुरकुरता खाल्ली. पण हातांना कोण समजावणार? एका डोळ्याला अंतरच कळेना. चहा ओतला की कपाबाहेर, आणि माठ कधी जवळ वाटे, कधी लांब. वैशाखात खापा गावच्या मारोतरावांच्या मुलीचं लग्न होतं. पोळ्यांचं काम दिवाळीतच यमुताईंना सांगितलेलं होतं. ते हातचं गेलं असतं तर गावोगाव बोभाटा होऊन पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

त्यांनी जुन्या धोतराचा पोळीएवढा तुकडा फाडला, पाण्यात बुचकळला आणि अंगणातल्या थंड माठावर तो टाकत बसल्या. दिवसातून शंभर वेळा. निम्मे वेळा तो मातीत पडे.

"काहून वं यमे," कुसुमताई कुंपणावरून ओरडल्या, "माठाले आंघोळ घालून राहिली का?"

"लगीन लावून राहिली त्याचं! तू येतं का करवली म्हणून?"

कुसुमताई हसत आल्या आणि रोज दुपारी येऊन बसू लागल्या. धुराची गोष्ट आपणच काढली होती, हे त्यांना खात होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "तू दर वेळी येगळ्याच जागी बसतं. माठाचा काय दोष?" त्यांनी एक वीट आणून ठेवली. "इथं गुडघा टेकव. मंग माठ कुठी पळते ते पाहू."

विटेपासून माठापर्यंत एक हात चार बोटं. यमुताईंनी ते माप पक्कं धरलं. महिनाभरात फडकं चुकेनासं झालं.

तेवढ्यात मारोतराव स्वतःच आले. पाणी प्यायले आणि अवघडून म्हणाले, "ताई, तुमच्या डोयाचं ऐकलं. आता आराम करा. मी कामठीची एक बाई पाहून राहिलो."

"पाहून राहिले, ठरवली तं नाही ना? बसा, भाऊ. पोळ्या टाकतो. जमल्या नाही तं कामठीच्या बाईले सुपारी मीच नेऊन देईन."

चूल पेटली. यमुताईंनी कणीक झुलवली, टाकली. पोळी माठाच्या कडेला लागली आणि राखेत पडली.

धोंडबा उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. यमुताईंनी खाली हात घालून चाचपलं. सकाळी झाडताना वीट सरकली होती. त्यांनी हात लावून, त्यापुढे चार बोटं मोजून वीट पुन्हा बसवली आणि गुडघा टेकवला. मग एकामागून एक पाच पोळ्या माठावर पडल्या, पडद्यासारख्या पातळ.

मारोतरावांनी वरणाबरोबर दोन खाल्ल्या. हात धुताना हळूच विचारलं, "अन् ते पहिली, ताई?"

"पहिली गाईची. तुमच्या घरी नाही काढत का?"

"काढतो ना," मारोतराव मोठ्यांदा हसले. "या मंग खाप्याले."

यमुताई लग्नाच्या आदल्या दिवशीच खाप्याला गेल्या, पिशवीत वीट घेऊन. मांडवात खणलेली चूल त्यांनी आपल्या मापानं पुन्हा खणायला लावली.

त्या पोळ्या खाऊन सासरी गेलेली मारोतरावांची रुख्मिणी आता नातवंडांची आजी आहे. मारोतरावांनी पुढे दोन्ही पुतण्यांच्या लग्नालाही यमुताईंनाच बोलावलं. धोंडबा होते तोवर रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला ते स्वतः आणून देत. यमुताईंनी आणखी तेरा वर्षं माठ चालवला. उजवा डोळा शेवटपर्यंत शाबूत राहिला. वीट मुलांनी घर दुरुस्त करताना ओट्यात बसवून टाकली, कोणती ते आता सांगता येत नाही.

कुसुमताईंनी सोबत म्हणून गुडाखू सोडलं, सहा महिन्यांनी पुन्हा धरलं. पण गल्लीत कोणी डोळा चोळताना दिसलं की त्या हातातलं काम टाकून त्याला रिक्षात बसवत आणि मेयोत नेत. तीनदा नुसता धूरच निघाला. डॉक्टर रागावले तरी त्यांनी नेणं सोडलं नाही.