कुलूपमास्तरांचा पाहुणा

"बाई, एक सांगतो. मी बसवलेलं कुलूप उघडणारा अजून जन्माला यायचाय!"

प्राण्यांच्या निवाऱ्यात, पिंजऱ्यांच्या दोन रांगांच्या मधोमध उभं राहून कुलूपमास्तरांनी छाती फुगवली. निवारा चालवणाऱ्या बाई हातातल्या बादलीवर टेकून शांतपणे म्हणाल्या, "जन्मलाय. तुमच्या मागे उभा आहे."

मास्तरांनी वळून पाहिलं. मघाशी ज्या पिंजऱ्याला बाईंनी स्वतः कडी घातली होती, त्याच पिंजऱ्यातलं तपकिरी कुत्रं बाहेर येऊन मास्तरांची चप्पल हुंगत होतं. एक कान उभा, एक आडवा. पिंजऱ्याची कडी कुत्र्यासारखीच जीभ काढून लोंबत होती.

"याला आम्ही पाहुणा म्हणतो," बाई म्हणाल्या. "तीन घरांनी नेला, तिन्ही घरांनी परत आणला. दार उघडतो आणि बाहेर पडतो."

"कारण त्या घरांत मी नव्हतो," मास्तर म्हणाले. पाहुण्याने त्यांच्या पायावर हनुवटी टेकवली आणि सरळ डोळे मिटले. बस, तिथेच मास्तरांच्या मनाला जे काही कुलूप होतं ते खटकन उघडलं.

बाईंनी मात्र निघताना बजावलं, "एक महिना बघू. रस्त्यावर एकटा हिंडताना सापडला तर मी घेऊन जाईन. गाडीखाली गेला तर काय करायचं? आणि चौथ्यांदा परत आलेल्या कुत्र्याला पुढे कोणी नेत नाही हो."

"रस्त्यावर? हा? माझ्या घरातून?" मास्तर खो खो हसले.

दुसऱ्याच दिवशी पाहुणा मास्तरांच्या दुकानासमोर बसलेला होता. अगदी शहाण्या गिऱ्हाइकासारखा, पायरीवर, आपली पाळी यायची वाट बघत. आत उभं असलेलं खरं गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, हा तुमचा का? घराला कुलूप कुणाकडून घेता?"

मास्तरांचा चेहरा पडला. घरी येऊन त्यांनी दाराची आडवी मूठ काढली आणि गोल बसवली. पाहुणा शेजारी बसून हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला मान हलवत होता. गोल मूठ त्याने दोन्ही पंजांत धरून फिरवली. मग मास्तरांनी खाली बोल्ट लावला, तो त्याने नाकाने सरकवला. बोल्ट वर नेला, तर त्याने चपलांचं कपाट ढकलत आणलं. शेवटी मास्तरांनी दाराला साखळी लावली, तेव्हा पाहुणा सासूबाईंच्या खुर्चीपुढे जाऊन पंजा वर करून बसला आणि सासूबाईंनी स्वतः उठून साखळी काढून दिली.

"आई, तुम्ही?" मास्तर किंचाळले.

"इतक्या अदबीने माझ्याकडे या घरात कोणी काही मागत नाही, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

दर वेळी स्वारी दुकानाच्या पायरीवर हजर. मास्तरांना वाटायचं, हा मुद्दाम गिऱ्हाइकांसमोर माझी शोभा करायला येतो. बायको म्हणायची, "अहो, त्याला जरा फिरवून आणा. गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला घाला. जनावर आहे ते, तिजोरी नाही." पण मास्तर ऐकायच्या पलीकडे गेले होते. हा आता कुत्र्याचा प्रश्न राहिलाच नव्हता. धंद्याच्या इज्जतीचा होता.

आणि मग बाईंचा फोन आला. कुणीतरी पाहुण्याला भर चौकात एकटा रस्ता ओलांडताना पाहिलं होतं.

"रविवारी येते," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "त्याची चादर घेऊनच येते."

त्या रात्री पाहुणा नेहमीसारखा मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकून झोपला. मास्तरांनी पायाला मुंग्या आल्या तरी पाय हलवला नाही.

रविवारपर्यंत त्यांनी आपल्या आयुष्यातलं सर्वात भारी कुलूप तयार केलं. दार ओढलं की आपोआप बंद. आतल्या बाजूला मूठच नाही, कडी नाही, काही नाही, फक्त किल्लीचं भोक. बाहेरून मात्र साधा दांडा, दाबला की उघडलं.

बायको बराच वेळ दाराकडे बघत राहिली. "म्हणजे चोर आत येऊ शकतो, आणि आपण बाहेर जाऊ शकत नाही?"

"तात्पुरतं आहे गं. आज बाई येऊन जाईपर्यंत."

"आणि किल्ली?"

"ती त्याच्या पंजाला लागता कामा नये. म्हणून बाहेर खिळ्याला अडकवतोय. जाणाऱ्याने खिडकीतून हाक मारायची, येणाऱ्याने किल्ली द्यायची."

"खिडकीतून. पहिल्या मजल्यावरून."

"तू फार खोलात शिरतेस."

बाई जिन्यावर दिसल्या तेव्हा मास्तर स्वागताला बाहेर उभे होते. बाईंच्या खांद्याला भलीमोठी पिशवी होती, तिच्यातून पाहुण्याच्या चादरीचं टोक बाहेर आलेलं.  ते पाहून मास्तरांनी घाईघाईने बाईंना आत घेतलं, ठरल्याप्रमाणे किल्ली बाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि आत येऊन दार ओढलं. खटक्. झकास आवाज.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "आता या दारातून मुंगी बाहेर जाणार नाही."

"छान," बाई म्हणाल्या. "पाहुणा कुठाय?"

पलंगाखाली बघितलं. पडद्यामागे बघितलं. न्हाणीघरात बघितलं. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी बघते आहे त्याला. पानवाल्याच्या पुढे गेलाय."

सगळे खिडकीशी धावले. बाईंच्या त्या भल्यामोठ्या पिशवीच्या आडून पाहुणा केव्हाच सटकला होता आणि आता फुटपाथच्या कडेकडेने, कामाला निघालेल्या माणसासारखा, शेपूट वर करून चालला होता.

"धरा त्याला!" मास्तर दाराकडे झेपावले. दारावर हात फिरवला. मूठ नाही. कडी नाही. भोक आहे. त्यांनी खिसे चाचपले आणि मग हळूच बायकोकडे पाहिलं. बायकोने काहीच म्हटलं नाही. लग्न टिकतं ते अशा क्षणांमुळे.

हत्यारांची पेटी दुकानात होती. मास्तरांनी सासूबाईंची केसांची पिन भोकात घातली, ती आतच मोडली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. शेवटी त्यांनी खिडकीतून ओरडायला सुरुवात केली, "अहो! कुणी आहे का? आम्ही आत अडकलोय!"

खाली सायकल धरून चाललेला एक भला माणूस थांबला. "घाबरू नका काका! कोपऱ्यावर किल्लीवाल्याचं दुकान आहे, पाटीवर नंबर आहे. लगेच बोलावतो!"

"अहो, नको, तो..."

माणूस पळालासुद्धा. थोड्या वेळाने मास्तरांच्या खिशातला फोन वाजला. बाईंनी हसू लपवायला तोंड चादरीत घातलं.

"हॅलो, कुलूपवाले ना? इथे एक कुटुंब अडकलंय, लवकर या!"

"मी येऊ शकत नाही," मास्तर म्हणाले.

"कमाल आहे! माणुसकी नाही का तुम्हाला?" आणि फोन कट.

मास्तर खुर्चीत बसले. सगळी हवा निघून गेली होती. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "रविवार आहे. दुकान बंद आहे. तिथे त्याला कोणी भेटणार नाही. मग तो कुठे जाईल?"

बाईंनी चादर खाली ठेवली. "दुकानात? तो पळून दुकानात जातो?"

"रोज. पायरीवर बसतो. मला लाज आणायला."

"अहो मास्तर! त्या तीन घरांतून पळाला तेव्हा तो वाट फुटेल तिकडे जायचा. तुमच्या घरातून तुमच्याकडेच जातो. आजही तुम्ही घरात दिसला नाहीत, म्हणून निघाला. हा पळत नाही हो. हा तुम्हाला शोधतो."

 सासूबाई खिडकीतूनच म्हणाल्या, "मग त्याला दोरी लावून बरोबर न्यायला काय धाड भरली होती? इतकी कुलपं करत बसलात, जावईबापू, तेवढ्यात त्याला दहा वेळा फिरवून आणला असता."

तेवढ्यात बाहेर जिन्यावर नखांचा टपटप आवाज आला. दांडा खाली झाला. दार उघडलं. पाहुणा आत आला, सगळ्यांकडे एकदा बघून थेट मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकून धापा टाकत पडला. बायकोने चपळाईने दारात खुर्ची अडकवली.

 सगळे बाईंच्या पिशवीकडे बघत होते.

बाईंनी चादर उचलली, झटकली आणि मास्तरांच्या खुर्चीजवळ जमिनीवर अंथरली. "इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "पण सकाळ-संध्याकाळ फिरवायचं, गळ्यात बिल्ला, रस्त्यावर दोरी, आणि दिवसभर तुमच्याबरोबर दुकानात. आणि हे दार उद्याच्या उद्या बदला, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हा तिघांना मी निवाऱ्यात नेईन."

मास्तरांनी डोळे पुसले आणि लगेच मिशीला पीळ दिला. "बाई, तुमचे उपकार मी ठेवून घेणार नाही. हे कुलूप वाया कशाला घालवायचं? अशीच कुलपं निवाऱ्याच्या सगळ्या पिंजऱ्यांना फुकट बसवून देतो. दार ओढलं की आपोआप बंद. आतून उघडायची काय बिशाद!"

सोमवारी मास्तरांनी सगळ्या पिंजऱ्यांना कुलपं बसवली. पाहुणा गळ्यात नवा बिल्ला घालून दिवसभर शेजारी बसून बघत होता. काम झाल्यावर मास्तर हात धुवायला गेले आणि बाई शेवटच्या पिंजऱ्यात पाण्याचं भांडं ठेवायला गेल्या. मास्तर हात पुसत परत आले तेव्हा निवाऱ्याचं मोठं फाटक बंद होतं, एवढंच नशीब. पाहुण्याने बाहेरचे दांडे दाबून सोडलेली सगळी कुत्री अंगणात होती. बाई पिंजऱ्यात होत्या.