बाळकृष्णाशेजारचं मडकं

सप्ताह निम्म्यावर आला आणि सहादूबुवांचा आवाज बसला.

एकाहत्तर सालचा चैत्र. आमच्या काष्टी गावात त्या वर्षी वारा असा कोरडा सुटला होता की घशात ज्वारीचं कुसळ अडकल्यासारखं वाटे. बुवांचा मुक्काम आमच्याकडे आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन त्यांचंच. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की बुवा वरच्या सुरात 'गोपाळा' अशी हाक मारायचे तेव्हा टाळकरी टाळ वाजवायचे विसरायचे. तो आवाज माझ्या घरात निजून बसला! गावाला काय तोंड दाखवू?

दौंडहून डॉक्टर आणले. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिली. "काल्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही," ते बुवांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि खोलीतली हवा ओली ठेवा. मोठ्या शहरांत त्याला यंत्र असतं. निजायच्या खोलीत ठेवतात, बारीक वाफ सोडत राहतं."

"आमच्याकडं कुठलं यंत्र, डॉक्टरसाहेब?"

"मडकं आहे ना? चांगलं पाझरणारं घ्या, ओल्या तरटात गुंडाळा आणि खिडकीच्या तोंडाशी ठेवा. वारा त्याच्यावरून आत येऊ द्या."

आमच्या त्या खोलीची खिडकी म्हणजे डोक्याच्या वर हातभर झरोका. त्याच्याखाली फळी ठोकणं आलं. छगन सुताराला बोलावलं. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं, मातीचा गिलावा थोडा खरवडला.

"बन्सीभाऊ, तुमच्या भिंतीत खिळा म्हंजे लोण्यात सुई. दगडाचा सांधा गाठून बाभळीच्या खुंट्या ठोकाव्या लागतील. फळी हाय का?"

"मोडक्या बैलगाडीच्या साटीची एक हाय."

"मग तुमची गाडी एकदाची कामाला आली म्हणायची!"

दुपारभर ठोकाठोकी चालली. छगननं दोन खुंट्या दगडांच्या फटीत गच्च बसवल्या, त्यांवर फळी टाकली, मडकं घसरू नये म्हणून पुढं पट्टी मारली. मग स्वतः फळीला लोंबकळून दाखवलं. "मी न्हाई पडलो, तर तुमचं मडकं काय पडतंय?"

मी कुंभारआळीतून नवं मडकं आणायला गेलो. परत येऊन पाहतो तर फळीवर आमचा पितळी बाळकृष्ण! कपाळी गंध, पुढ्यात नारळ, फळीला हळदीकुंकवाची बोटं. आमची मालन हात जोडून उभी.

"अगं, हे काय?"

"आवं, नवी फळी घरात आली. माझ्या माहेरी तिच्यावर पयला देव बसवत्यात. रिकामी फळी बरी दिसती व्हय?"

"बरं, बसवला. आता उचल. मडकं ठेवायचंय."

मालननं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळाचा कळस उतरवायला सांगितला होता. "पुजून बसवलेला देव उठवायचा? आन् तेबी सप्ताहात? काला झाल्याबिगर मी हात लावायची न्हाई. तुमीबी लावायचा न्हाई."

"मग शेजारी ठेवू."

"कांद्याच्या गोणीचं तरट देवाला खेटून? आन् वरून पानी गळनार!"

छगन हत्यारं पिशवीत भरता भरता थांबला. "वैनी, दुसरी फळी ठोकली असती. पर खिडकी एकच. आता दुसरी पाडायची म्हंजे गवंडी बोलवा."

तेवढ्यात बुवा देवळातून आले. बोलायचं नाही म्हणून त्यांना पाटी-पेन्सिल दिली होती. पण ती त्यांनी कोनाड्यात ठेवून दिली होती. लिहिण्यापेक्षा हातवारे त्यांना जवळचे. मी गाऱ्हाणं मांडलं, मालननं तिचं मांडलं. बुवांनी दोन्ही ऐकलं, फळीकडे पाहिलं, आणि खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतला.

झाली यशोदा! कमरेवर हात ठेवून तिनं इकडंतिकडं पाहिलं, नसलेलं मडकं नसलेल्या शिंक्यावर टांगलं आणि ठुमकत निघून गेली. लगेच पंचा कमरेला. आता कृष्ण आला, पाय न वाजवता. त्यानं छगननं चढायला घेतलेला पाट ओढला, त्यावर चढला, टाचा उंचावल्या, मडक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मिटक्या मारत बोटं चाटली. साठीच्या माणसाचा चेहरा असा लबाड झाला की छगनच्या हातातली पिशवी गळून पडली. मग बुवांनी फळीवरच्या बाळकृष्णाकडे बोट केलं, माझ्या हातातल्या मडक्याकडे केलं, आणि आमच्या अकलेची कीव येऊन स्वतःच्या कपाळावर हात मारला.

पहिली हसली मालन. हसता हसता तिचे डोळे भरले. "खरंच की! ह्येला मडक्याचा कवा विटाळ झाला? आनि पान्याला तरी कशाला भ्येल? यमुनेकाठचाच त्यो." कांद्याची गोणी बाजूला टाकून तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा आणला, मडक्याला गुंडाळला, भिजवला. मडकं बाळकृष्णाशेजारी चढलं. खाली तिनं परात ठेवली.

काल्यापर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. मालन येता-जाता लुगड्यावर पाणी शिंपडायची. वारा झरोक्यातून यायचा तो ओल्या मातीचा वास घेऊन, आणि बुवा लेकरासारखे निजायचे.

काल्याच्या दिवशी बुवा उभे राहिले. पहिलं चरण घोगरंच आलं. दुसरं थोडं मोकळं झालं. आणि मग ती हाक आली, "गोपाळाऽऽ"! टाळकरी टाळ विसरले. मी डोळे पुसत बसलो.

कीर्तनाच्या मध्यात बुवा थांबले. "दहीहंडी तयार आहे, माहीत आहे मला. पण आज मला दुसरी हवी. मालनबाई, ते मडकं द्याल का? त्यानं देवाच्या शेजारी बसून माझी सेवा केली. त्याचं सोनं होऊ द्या."

मालन पदर सावरत घरी पळाली. मडकं स्वतः घासून, धुऊन, दहीलाह्या भरून घेऊन आली. ते फुटलं तेव्हा तिनं आधी खापराचा तुकडा उचलला, मग प्रसाद.

दुसऱ्या दिवशी बुवांना दौंडच्या गाडीला पोचवून मी घरी आलो. म्हटलं, फळी आता मोकळी. बाळकृष्ण देव्हाऱ्यात गेला असेल. तिथं माझा कंदील ठेवावा.

फळीवर बाळकृष्ण तसाच होता. शेजारी दुसरं मडकं, त्याला ओलं लुगडं.

"अगं, बुवा तर गेले."

"बुवा गेले," मालन पाणी शिंपडत म्हणाली, "पर वारा गेला का? बासरी वाजवनाऱ्याचा घसा सुकत न्हाई व्हय?"