खाकी कव्हरातले दिवस

मित्रांनो, एका पत्राला तीन आठवडे उत्तर गेलं नाही, आणि त्यात थोडा दोष माझाही होता. मी एक जुना लॅपटॉप आहे. शाळेतला, नंबर सतरा. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी एवढा मी मोठा आहे का, ही शंका मला आहेच. पण ते पत्र मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

आम्ही तीस जण नवे कोरे शाळेत आलो, तेव्हा आम्हाला सांभाळायचं कोणी, यावर शिक्षकांच्या खोलीत खल झाला. गणिताच्या सरांनी हात वर केले. खेळाच्या सरांनी काढता पाय घेतला. शेवटी मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, कोपऱ्यात वाचत बसलेल्या ग्रंथपालसरांकडे वळल्या.

"सर, तीस वर्षांत तुमच्या हातून एक पुस्तक हरवलं नाही. हेही तुमच्याच गळ्यात."

"बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? उघडतं आणि मिटतं. पुस्तकच की!"

सरांनी ते वाक्य फार मनावर घेतलं. आम्हाला नंबर मिळाले, शिक्के बसले, पाठीवर तारखांच्या चिठ्ठ्या चिकटल्या. मग सरांनी खाकी कागदाची गुंडाळी काढली. कव्हर घालण्यात त्यांचा हात असा बसलेला, की कोपऱ्याला एक सुरकुती पडेल तर शपथ! माझ्या पाठीला कागद लागला, पोटाला लागला आणि पोटाखालच्या बारीक झरोक्यांवरही घट्ट बसला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतक्या मायेने मला तोवर कोणी हात लावला नव्हता.

त्या झरोक्यांतून मी श्वास घेतो, हे सांगायला मला तोंड नव्हतं. पडदा तेवढा होता. त्यावर मी लिहिलं, 'तापमान वाढले आहे.' सरांनी चष्मा लावून ते वाचलं आणि खोलीची खिडकी उघडली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी आमची टापटीप पाहून सरांची पाठ थोपटली. बाकीचे भाऊबंद वर्गात अर्धा तास चालायचे आणि मिटायचे, त्यामुळे त्यांचं निभावत होतं. मला मात्र सातवीतली एक मुलगी घरी नेत असे. प्रदर्शनासाठी ती आपल्या रस्त्यावरच्या झाडांचा नकाशा करत होती. कोणतं झाड कुठे, त्यावर कोणाचं घरटं, सगळं. तासन्‌तास काम चाले. मी तापायचो, गुदमरायचो आणि डोळे मिटून बंद पडायचो. एकदा तर भर वर्गात, ती नकाशा दाखवत असतानाच मी मिटलो.

"सर, कव्हरमुळे तापतो हा," ती म्हणाली. "खाली भोकं आहेत त्याला."

"कव्हरमुळे?" सर इतके दुखावले, जणू कोणी सांगावं की छत्रीमुळे भिजलो. "अगं, कव्हरमुळे कधी कशाचं वाईट झालंय?"

त्यांनी वहीत तांबड्या शाईने लिहिलं : 'हलगर्जीपणा. घरी देऊ नये.' मुलीचा अर्धा नकाशा माझ्या पोटातच राहिला.

चार दिवसांनी तिच्या आईचं पत्र आलं. त्या शिवणकाम करत.

'सर, मुलगी म्हणते तिने काही केलं नाही. ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, ते झाले नाहीत. मीही एकदा हौसेने मशीनच्या मोटारीला झालरीचं कव्हर शिवलं होतं. मोटार जळाली. आठवडाभर मी नवऱ्याला बोल लावला. तुम्ही एकदा कव्हर काढून बघाल का?'

सर पत्र वाचून बेचैन झाले. रिकामा पडलेला मीच होतो, म्हणून माझ्यावरच उत्तर लिहायला बसले. 'महोदया, आपले पत्र पावले. तथापि...' तथापिच्या पुढे जावं तोच मी मिटलो. मजकूर गेला. सरांना वाटलं, आपलीच बोटं अडाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं अकरा वेळा झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

बाराव्या वेळी शिपाईमामा चहा घेऊन आले. कप ठेवायला मला सरकवलं आणि हात झटकला.

"अरे बापरे! सर, यावर कप ठेवा, तुमचा चहा गार होणार नाही."

"त्या मुलीने बिघडवून ठेवलंय, मामा."

"ती तर तीन आठवडे इकडे फिरकली नाही. मग रोज बिघडवतं कोण?"

मामा गेल्यावर सरांनी कात्री काढली. कागद सुटला, वारा आत शिरला, आणि मी दोन तास न मिटता चाललो. सर माझ्याकडे बघत बसले. "माफ कर बाबा," एवढंच पुटपुटले. मग त्यांनी उरलेल्या एकोणतीस जणांची कव्हरं काढली, वहीतली तांबडी ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं : 'चूक ग्रंथपालाची.' उत्तर मात्र पेनाने कागदावर लिहिलं.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. पाणी सांडू नका, आपटू नका. पण ज्याला जपता, त्याला वारा कुठून लागतो, तेही एकदा उलटं करून बघा. आणि जो रोज वापरतो, त्याचं ऐका.

प्रदर्शनाला चारच दिवस उरले होते, त्यात दोन सुट्टीचे. म्हणून सर मला पिशवीत घालून स्वतःच मुलीच्या आईच्या शिवणाच्या दुकानात आले. मुलीने मला हिसकावूनच घेतलं.

"कव्हर, सर?"

"नाही घातलं." लाजेने त्यांचेच कान लाल झाले होते.

आईने मशीन थांबवलं. "आणि माझ्या पत्राचं उत्तर?"

"लिहिलंय. टपालाने... टाकतो."

"अहो, खिशातून डोकावतंय की ते!"

पण सर तोवर पायरी उतरले होते. मुलीने मला खिडकीशी उघडलं, तेव्हा समोर टपालपेटीपाशी ते उभे होते. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, पत्ता पुन्हा वाचला, मागे वळून दुकानाकडे पाहिलं आणि मग डोळे मिटून ते पेटीत टाकलं.