नंतर शिकवते

मोठ्या सिस्टरांनी नोकरीच्या इतक्या वर्षांत एकच गोष्ट शिकवायची मुद्दाम टाळली, आणि तीही अशा मुलीला, जी ती सगळ्यांत लवकर शिकली असती.

सरकारी दवाखान्यातली नवजात बाळांची खोली म्हणजे मोठ्या सिस्टरांचं राज्य. तसं चिमुकलंच राज्य. भिंतीला लागून काचेच्या पेट्या, हात धुवायचं बेसिन, दाराबाहेर चपलांचा ढीग आणि कोपऱ्यात श्वास देणारं मशीन. ज्या बाळाला आपला आपण श्वास घेणं जमत नाही, त्याच्या श्वासनलिकेत बारीकशी नळी घालून ती या मशीनला जोडायची. हे मशीन एका श्रीमंत देशाने भेट दिलं होतं. तशी पितळी पाटीच होती त्याच्यावर, तिथल्या जनतेकडून सप्रेम वगैरे. मोठ्या सिस्टर रोज ती पाटी पुसायच्या आणि रोज पुटपुटायच्या, "मशीन दिलंत आणि चालवणाऱ्या मुली घेऊन गेलात. हिशेब फिटला तुमचा. आमचं काय?"

त्यांची चिडचिड उगाच नव्हती. त्या देशात म्हातारे वाढले होते, नर्सचं काम करायला माणसं मिळत नव्हती, आणि पैसा मात्र भरपूर होता. मग काय, तयार मुली उचलायच्या. शिकवायचा खर्च दुसऱ्याचा, चुका करत हात बसवायची वर्षं दुसऱ्याची. मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेली पहिली मुलगी गेली, तेव्हा त्या तिला सोडायला स्टँडपर्यंत गेल्या होत्या. अभिमानाने रडल्याही होत्या. पुढचीला त्यांनी स्वेटर दिला. त्यापुढच्यांना नुसतं "जपून राहा" म्हणाल्या. आणि शेवटी जी गेली, उंचीमुळे जिला सगळे टॉवर म्हणायचे, तिच्याशी तर त्या निघायच्या दिवशी धड बोलल्याही नाहीत. टॉवरसारखे हात त्यांनी पाहिले नव्हते. मुलांचे डॉक्टरही त्याच वर्षी त्याच देशात गेले, आणि त्यांच्या जागी शेजारच्या गावाहून एक डॉक्टर आठवड्यातून काही दिवस येऊन जायला लागले. बाकी वेळ मोठ्या सिस्टर आणि देव.

जाणाऱ्यांना वाईट तरी कसं म्हणायचं? टॉवरच्या आईवडिलांच्या डोक्यावर आता पक्कं छप्पर होतं, धाकटी बहीण शिकत होती. इथल्या पगारात हे सात जन्मांत झालं नसतं. मोठ्या सिस्टरांना हे सगळं कळत होतं. कळून राग कमी होत नव्हता, एवढंच.

टॉवरनेच एकदा फोनवर, मोठ्या उत्साहात, तिकडच्या मुलाखतीची गंमत सांगितली होती. "पहिला प्रश्न काय माहितीये, सिस्टर? श्वासाच्या मशीनवरचं बाळ एकटीने सांभाळलंय का? नळी अडली तर काय करशील? मी धडाधडा सांगितलं. तुमचेच शब्द! बाकी त्यांनी काही विचारलंच नाही."

मोठ्या सिस्टरांनी फोन ठेवला आणि कानाला खडा लावला. या प्रश्नाचं उत्तर आता इथून कुणाला मिळणार नाही.

मग आली चिमणी. अंगाने एवढीशी, पण कामाला वाघ. बाळाची शीर सापडत नसली की मोठ्या सिस्टर हल्ली तिलाच पुढे करायच्या. त्यांनी तिला सगळं दिलं. थेंबाथेंबाने दूध पाजणं, कावीळ नुसत्या नजरेने ओळखणं, घाबरलेल्या आईला खुर्चीत बसवून बाळ छातीशी धरायला लावणं. फक्त मशीनवरच्या बाळाची नळी साफ करायची वेळ आली की त्या म्हणायच्या, "जा गं, कापूस घेऊन ये."

"इतका कापूस कशाला लागतो, सिस्टर? गादी भरायचीय का?"

"जा म्हटलं ना. हे तुला नंतर शिकवते."

चिमणी हसत जायची आणि परत येईपर्यंत काम उरकलेलं असायचं. नर्सिंगच्या शाळेत ती मोठ्या माणसांच्या नळ्या साफ करायला शिकली होती. पण मुठीएवढ्या बाळाच्या नळीत किती आत जायचं, किती जोराने कफ ओढायचा, हे हाताला माहीत असावं लागतं. चुकलं तर फुफ्फुसाला इजा. म्हणून मोठ्या सिस्टरांची सक्त ताकीद होती, मशीनवरच्या बाळाच्या नळीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आवाज झाला की मला हाक मारायची. त्यांचं घर दवाखान्याच्या आवारातच होतं, त्या अर्ध्या जेवणावरून उठून यायच्या. एक दिवस रजा नाही की सणवार नाही. आपण हे खोलीसाठी करतोय, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. चिमणी राहिली तर खोली राहील. दोघींतली एक गेली की वरून कुलूप लावायचा हुकूम येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मग दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं घेऊन लोकांनी जायचं कुठे?

त्या दिवशी आरोग्य कार्यालयात बैठक होती. मोठ्या सिस्टरांनीच मागे लागून मागितलेली, आणखी नर्स द्या म्हणून. मशीनवर एक मुलगी होती, सातव्या महिन्यात जन्मलेली, पण चांगली टिकाव धरून होती. सकाळी त्यांनी तिची नळी साफ केली, सगळं दोनदा पाहिलं आणि निघाल्या. "दुपारपर्यंत येते. काही वाटलं तर फोन कर."

कार्यालयातल्या साहेबांची एक शिस्त होती. बैठकीत कुणाचा फोन वाजलेला त्यांना खपायचा नाही, म्हणून सगळ्यांचे फोन शिपायाकडे जमा. मोठ्या सिस्टरांनी दोन वेळा सांगून पाहिलं की माझं बाळ मशीनवर आहे.

"अहो बाई, तुम्ही तिथे नसाल तर दवाखाना बंद पडतो की काय?" साहेब हसत म्हणाले, आणि बाकीचेही हसले. नर्स मिळणार नाहीत हे त्यांनी पहिल्या काही वाक्यांतच सांगून टाकलं. मग बराच वेळ ते कौतुक करत राहिले. "तुमच्या हातच्या मुलींना बाहेर केवढी मागणी आहे! अभिमान वाटायला हवा तुम्हाला. आणखी तयार करा."

मोठ्या सिस्टरांच्या मनात आलं, याला म्हणावं, एक दिवस येऊन रात्रपाळी कर. पण मागायला आलेल्या माणसाने गप्प बसायचं असतं.

नेमकं त्याच वेळी इकडे मशीन ओरडायला लागलं.

चिमणीने पाहिलं तर बाळाची छाती हलत नव्हती. रंग बदलत होता, ओठांपासून सुरुवात झाली होती. तिने मोठ्या सिस्टरांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. खोली झाडणाऱ्या मावशींना तिने डॉक्टरांना बोलवायला पिटाळलं. मोठ्या माणसांच्या वॉर्डातले डॉक्टर धावत आले, बाळाकडे बघून जागीच थबकले. "मी एवढ्याशा बाळाच्या नळीला कधी हात लावलेला नाही," ते म्हणाले. प्रामाणिक माणूस होता, पण त्या क्षणी प्रामाणिकपणाचा काही उपयोग नव्हता. त्यांनी मशीन सोडवून हाताने हवा भरून पाहिली. हवा आत जाईना. नळीच अडली होती.

चिमणीला काय सुचलं कोण जाणे, तिने टॉवरला व्हिडिओ कॉल लावला. टॉवर तिकडे कामावरच होती. तिने चिमणीचा चेहरा बघितला आणि काही विचारलं नाही. "फोन मशीनसमोर धर. बाळ दिसू दे."

मावशींनी फोन दोन्ही हातांनी धरला. टॉवरच्या मागे तेच मशीन दिसत होतं, त्याच बनावटीचं, त्याच रंगाचं. एक नाही, रांगच होती. आणि प्रत्येकाजवळ एकेक नर्स उभी होती.

"उजवीकडच्या कप्प्यातली सगळ्यात बारीक नळी घे. तिच्यावर खुणा आहेत बघ. आधी मापून घे... आता आत घाल. कफ ओढू नकोस अजून. खुणेपर्यंत. हां, थांब. आता ओढत बाहेर ये. गोल फिरवत. घाबरू नकोस गं, बाहेर ये. आता जोड मशीनला."

छाती हलली. एकदा, मग पुन्हा. ओठांचा रंग सावकाश परत आला. डॉक्टरांनी भिंतीला पाठ टेकली. मावशी फोन विसरून बाळाकडेच बघत होत्या, टॉवरला पलीकडे नुसतं छत दिसत होतं.

मोठ्या सिस्टर परतल्या तेव्हा मशीन नेहमीसारखं चालू होतं. शिपायाकडून फोन हातात आला तेव्हा चिमणीचे न घेतलेले कॉल दिसले, आणि त्या तशाच निघाल्या होत्या. बाळाचा बाप दारातच भेटला. त्याने हात जोडले. "तुमच्या पोरीने वाचवलं हो आमच्या पोरीला. तुमचीच शिकवण."

मोठ्या सिस्टरांना तोंडात मारल्यासारखं झालं. खरं ते सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण त्या माणसाच्या डोळ्यांत इतकी कृतज्ञता होती की त्यांचा धीर झाला नाही. "बघते मी तिला," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

शेजारच्या गावचे डॉक्टर येऊन बाळाला तपासून गेले होते. चिमणीने त्यांचं म्हणणं सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात. "हवा बराच वेळ पोचली नाही. मेंदूला किती लागलंय ते आज सांगता येणार नाही म्हणाले. बसायला लागेल, चालायला लागेल, तेव्हा कळेल. नाही लागली, तर तेव्हाही कळेल."

मोठ्या सिस्टर पेटीजवळ उभ्या राहिल्या. बाळ झोपलं होतं. वरून बघून काहीच कळत नव्हतं.

"टॉवरने मला एक विचारलं, सिस्टर," चिमणी मागून म्हणाली. "म्हणाली, तुला येत नाही? मला तर त्यांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी म्हटलं, मला नंतर शिकवणार आहेत. ती गप्पच झाली. मग मलाही समजलं."

"तू गेली असतीस." मोठ्या सिस्टरांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "सगळ्या गेल्या. तू गेलीस की ही खोली बंद. मी एकटी किती पुरणार?"

"हो, गेले असते. जाणारच आहे." चिमणीने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "आमच्या घरात कमावणारी मी एकटी आहे. तुम्ही मला थांब म्हणाला असतात, तर मी भांडले असते तुमच्याशी, रडले असते. कदाचित वर्षभर थांबलेही असते. तुम्ही विचारलं नाहीत. मला अर्धवट ठेवलंत. आणि भोगलं कुणी?"

मोठ्या सिस्टरांना साहेबांचा राग येत होता, त्या श्रीमंत देशाचा येत होता, चिमणीने सांगितलेल्या, टॉवरच्या मागच्या त्या रांगेचा तर फारच येत होता. पण सगळे राग मोजून झाल्यावरही हे बाळ उरतच होतं, आणि त्याच्यापाशी यातलं कुणीच आलं नव्हतं. कापूस आणायला फक्त त्यांनीच पाठवलं होतं.



दुसऱ्या दिवशी सकाळी नळी साफ करायची वेळ झाली. मोठ्या सिस्टरांनी हात धुतले, मग बाजूला झाल्या. "तू धू हात. मी सांगते."

चिमणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नळाखाली हात धरले. मोठ्या सिस्टर तिच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. किती आत जायचं, तिथे हाताला काय जाणवतं, केव्हा थांबायचं, बाळाच्या छातीकडे बघत कसं करायचं, सगळं सांगितलं. एकदा तिच्या बोटांवर बोटं ठेवून दाखवलं. मग हात काढून घेतला. चिमणीने बारीक नळी आत घातली, फिरवत बाहेर काढली, मशीन जोडलं. कुठे अडखळली नाही. बाळाने एक हात जरासा हलवला आणि पुन्हा निपचित पडलं.

हात धुण्याआधी मावशींनी बाहेर आणून ठेवलेला चहा अजून वाफाळत होता.

चिमणी मशीनकडे बघत राहिली. मग मोठ्या सिस्टरांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं.

"एवढंच होतं, सिस्टर?"

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "एवढंच होतं."