बुशाचं वेळापत्रक

"टाचा खाली टेकव, जूनी. चवड्यांवर उभं राहून उंची वाढत नसते."

"वाढते. बघ ना तू."

नडीनने वही जूनीच्या डोक्यावर आडवी धरली आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली. एकोणचाळीस इंच आणि वर अगदी थोडं. ते सगळे ज्या पार्कला जाणार होते, तिथल्या डोंगरगाडीत, म्हणजे रोलर कोस्टरमध्ये, चाळीस इंचांच्या आतल्या मुलांना बसू देत नाहीत. जूनी पाच वर्षांची. तिची बहीण हॅटी आठ वर्षांची, ती टेबलाशी बसून सॉसेज खात होती. ती म्हणाली, "बुशा, हिच्या बुटात पुठ्ठा घालूया."

"आणि त्यांनी बूट काढायला लावले तर? राहू दे. अजून दहा आठवडे आहेत. दूध पिऊ दे तिला, होईल आपोआप."

अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या पोलिश वस्तीत आजीला बुशाच म्हणतात. नडीन कुबियाक एकोणसाठ वर्षांची होती आणि बावीस वर्षं घराजवळच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. चारशे मुलांना दुपारी वाढायचं. कोणाला मका चालत नाही, कोणाच्या ताटात भाजीचं पाणी पावाला लागलं की तो रडतो, हे तिच्या डोक्यात पक्कं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी कोलीन चार गल्ल्या सोडून राहायची, नवरा डेरेक आणि या दोन मुलींसह. हॅटी नडीनच्याच शाळेत होती.

कोलीन सात वर्षांची असताना नडीनने तिला फ्लोरिडातल्या त्या मोठ्या पार्कला न्यायचं कबूल केलं होतं. त्याच वर्षी नवऱ्याची फुप्फुसं बिघडली, आणि राहिलं ते राहिलंच. म्हणून दोन वर्षांपूर्वी, "मुली आता जाण्याजोग्या झाल्यात," असं कोलीन सहज म्हणाली, तेव्हा नडीनने दुसऱ्याच दिवशी एक निळी फाइल विकत आणली.

फाइलमध्ये सगळं होतं. कोणत्या वारी गर्दी कमी, सकाळी दार उघडल्यावर आधी उजवीकडे वळायचं की डावीकडे, कुठल्या बाकावर दुपारी सावली असते. जूनीला अंधाराची भीती, म्हणून भुताच्या घरासमोर लाल फुली. हॅटीला प्राण्यांच्या वेषातल्या लोकांबरोबर न्याहारी करायची होती, आणि त्या टेबलांची नोंदणी बरोबर साठ दिवस आधी सकाळी सहाला उघडते, पाच मिनिटांत टेबलं संपतात. त्या सकाळी नडीन शाळेच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी राहिली आणि सोबतच्या ओपलबाईंना म्हणाली, "पाव करपले तरी मला हाक मारू नका." टेबल मिळालं. पाच जणांचं. ओपलबाई सहासष्ट वर्षांच्या, सहसा कशाचं कौतुक न करणाऱ्या, पण त्यांनीही हात पुसून तिच्याशी हात मिळवला.

डेरेक तिला जनरल म्हणायचा. "जनरल, लघवीला किती वाजता जायचं तेही लिहिलंय का?"

"लिहिलंय," नडीन म्हणायची. "सव्वादहा." सगळे हसायचे, तीही हसायची.

जानेवारीच्या शेवटी कोलीन एकटीच आली. कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.

"आई, डेरेकची रजा नाकारली. आता शरद ऋतूतच जमेल बहुतेक."

नडीन म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. त्याच्या हातात काय आहे? मी सगळं रद्द करते."

"नको, मी करते. तू कशाला डोकं शिणवतेस? फक्त पार्कच्या खात्याचा पासवर्ड दे. आणि ती फाइलही दे, पुढच्या वेळी लागेल."

नडीनने दोन्ही दिलं. सगळ्यांसाठी शिवून घेतलेले पाच पिवळे शर्टही दिले. तिच्या कपाटात ते डोळ्यांसमोर नको होते.

फेब्रुवारीत, ज्या आठवड्यात ते तिथे असणार होते त्याच आठवड्यात, कोलीनचा फोन आला. दोन्ही मुलींना फ्लू झालाय, शाळेत पाठवत नाहीये, तू येऊ नकोस, तुला चारशे मुलांचं अन्न हाताळायचं असतं. नडीनने सोमवारी कोंबडीचं सूप केलं आणि डबा त्यांच्या पायरीवर ठेवून आली, कोलीनला तसा निरोपही धाडला. गाडी दारात नव्हती. दुरुस्तीला दिली असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती ओपलबाईंना म्हणाली, "बरं झालं रद्द केलं. तिथे जाऊन पोरी तापाने फणफणल्या असत्या."

बुधवारी सकाळी पावणेदहाला, ती उकडलेले बटाटे कुस्करत असताना, एप्रनच्या खिशात फोन वाजला. पार्कचा निरोप होता: तुमच्या कुटुंबाचा नवा फोटो आला आहे.

जाहिरात असेल म्हणून तिने उघडला. मोठ्या फाटकासमोर कोलीन, डेरेक, हॅटी, जूनी. चौघांच्या अंगावर पिवळे शर्ट. पाचवी डेरेकची आई मार्शा, पांढऱ्या ब्लाउजमध्ये, जूनीच्या खांद्यावर हात ठेवून.

कोलीनने काहीच रद्द केलं नव्हतं, नडीनच्या जागी मार्शाचं नाव घातलं होतं, पण खातं नडीनचंच होतं. पार्कातले फोटोवाले जे जे टिपत होते ते तिच्याच फोनवर येत होतं. ते कोलीनच्या ध्यानात आलं नसावं.

नडीन बटाटे कुस्करत राहिली. साडेदहाला दुसरा फोटो आला, न्याहारीच्या टेबलाचा. खिडकीजवळचं टेबल, तिने मुद्दाम मागितलेलं. अकरा वीसला होडीतला. बारा वाजता सावलीतल्या बाकाजवळचा. कुठे कधी असायचं ते तिने ठरवलं होतं, त्यात दहा मिनिटांचाही फरक नव्हता. पुढचा फोटो कशाचा येणार हे तिला आधीच कळत होतं, आणि तो तसाच येत होता.

"काय झालं?" ओपलबाईंनी विचारलं. "चेहरा का असा?"

"वाफेने," नडीन म्हणाली.

वाढप संपल्यावर ती मागच्या कोठीत गेली, कांद्यांच्या पोत्यावर बसली आणि तिने कोलीनला फोन लावला.

"पोरी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. झोपल्यात." मागे बँड वाजत होता, कुठलंतरी मूल खिदळत होतं. "टीव्ही चालू आहे," कोलीन घाईने म्हणाली.

"जेवल्या का?"

"थोडं सूप घेतलं. तुझंच."

तो डबा आठवडाभर पायरीवरच गोठून पडणार होता. नडीनच्या ओठांवर आलं होतं, की कोलीन, मला सगळं दिसतंय. पण फोनच्या पलीकडे जूनी होती, आणि जूनीचा तो दिवस होता. "जप त्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी चौघं नेहमीसारखी तिच्याकडे जेवायला आली. डेरेक थेट टीव्हीसमोर जाऊन बसला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हॅटीच्या नाकाचं कातडं उन्हाने सोललेलं. नडीनने बटाट्याचे पिएरोगी, त्या उकडलेल्या पोलिश करंज्या, वाढले आणि विचारलं, "ताप उतरला ना?"

हॅटीने आईकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाली, "हो बुशा. खूप ताप होता. मी तीन दिवस झोपूनच होते. जूनीपण."

बावीस वर्षांत नडीनने मुलांच्या थापा पुष्कळ ऐकल्या होत्या. मुलं स्वतःला वाचवायला खोटं बोलतात. ही पाठ केलेलं बोलत होती.

"पुरे, हॅटी," नडीन हळूच म्हणाली. "जेव. आणखी काही सांगायला नको."

ताटं धुताना नडीन आणि कोलीन दोघीच होत्या. नडीनने ओले हात पुसले, फोन उघडून कोलीनसमोर ओट्यावर ठेवला आणि पुन्हा धुवायला लागली. कोलीन बराच वेळ फोटो सरकवत राहिली.

"मार्शाने तिचं फ्लोरिडातलं घर दिलं राहायला," शेवटी ती म्हणाली. "तिथून पार्क वीस मिनिटांवर. तुम्हा दोघींचं पटत नाही, आई. तुझा गुडघाही दुखतो. आणि डेरेक म्हणाला, तुझ्या आईबरोबर सुट्टी नाही होणार, कवायत होईल."

"कवायत. पण सगळीकडे गेलात ते माझ्याच कागदावरून."

"हो. तो नसता तर आम्ही हरवलोच असतो." आपण काय बोललो ते कळून कोलीनने मान खाली घातली.

"मला विचारलं असतंस तर मी तो कागद दिला असता."

"आणि स्वतः घरी राहिली असतीस?"

नडीनने खरोखर विचार केला. "रडले असते. पण राहिले असते."

"मी सात वर्षांची होते तेव्हा तूही म्हणायचीस, पुढच्या वर्षी. दर वर्षी पुढच्या वर्षी."

"मी खोटं नव्हते बोलत, कोलीन. मला तेव्हा खरंच वाटायचं." नळ बंद करून ती मुलीकडे वळली. "मला फसवलंस, त्याचं माझं मी बघेन. पण त्या पोरीला माझ्यासमोर बसवून खोटं बोलायला लावलंस. ते का?"

कोलीन रडायला लागली. नडीनने तिला जवळ घेतलं नाही. कोरडं फडकं मात्र तिच्या हातात दिलं, आणि कोलीनने त्याने डोळे पुसले आणि मग ताटं पुसली.

सोमवारी शाळेत दुपारच्या घंटेला मुलांच्या दोन रांगा लागल्या, एक नडीनपुढे, एक ओपलबाईंपुढे. दुसऱ्या इयत्तेपासून हॅटी रोज आजीच्याच रांगेत यायची, रांग कितीही लांब असली तरी. आज ती दाराशी घुटमळली आणि मान खाली घालून ओपलबाईंच्या रांगेत शिरली. तिच्यापुढे चार मुलं होती. मग तीन.

नडीनने आपला झारा खाली ठेवला.

"ओपलबाई, जरा बाजू बदलूया."

"आता? मध्येच?"

"हो."

ओपलबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता त्या सरकल्या. नडीन त्यांच्या जागी उभी राहिली. एक मूल गेलं, मग दुसरं, तिसरं. हॅटीने ताट पुढे केलं. वर पाहिलं नाही.

"मका?" नडीनने विचारलं.

मागची मुलं ढकलू लागली. नडीन झारा धरून उभी राहिली, घाई न करता, जणू मागे कोणीच नव्हतं.

"थोडासा," हॅटी म्हणाली.

नडीनने थोडासाच वाढला.